‘ओळख बघू मी कोण?’ हा प्रश्न घरात बंद करा

पत्र:

ताई, मी सातारा जिल्ह्यातून लिहितेय. आमचे मिस्टर झेडपीच्या शाळेत शिक्षक आहेत, वय ४१. नोव्हेंबरमध्ये शाळेतून येताना हायवेला एका पिकअपने त्यांच्या गाडीला उडवलं, हेल्मेट नव्हतं. डोक्याला मार, व्हेंटिलेटरवर होते, डिस्चार्ज पेपरवर जीसीएस ७ आणि डीएआय असं लिहिलंय. आता पाच महिने झाले. चालतात, बोलतात, जेवतात, लांबून बघणाऱ्याला वाटतं बरे झाले. पण दवाखान्यातलं काहीच आठवत नाही, संक्रांतीपासूनचं थोडं थोडं आठवतं. अ‍ॅक्सिडेंटच्या आधीची जवळपास दोन वर्षं गेलीच आहेत. माझे सासरे दीड वर्षापूर्वी वारले ते आठवत नाही, ‘अण्णा कुठंयत’ विचारतात, सांगितलं की पहिल्यांदा ऐकल्यासारखं रडतात. आमची धाकटी १४ महिन्यांची आहे, तिचा जन्मच आठवत नाही, ‘ही कोणाची’ असं एकदा म्हणाले तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. एकच प्रश्न दहादा विचारतात. काल शाळेत जाऊन आलो म्हणतात, गेलेले नसतात, सासूबाई म्हणतात लबाड झालाय. मधेच खूप चिडतात. पण पाढे सगळे येतात, हार्मोनियम वाजवतात! गेल्या महिन्यात अचानक बदलीच्या शाळेतलं आठवलं. येणारा प्रत्येक पाहुणा ‘मला ओळखलंस का’ म्हणून विचारतो. सासूबाई देवऋषाकडे न्यायचं म्हणतायत, दीर बदाम आणि मेमरीच्या गोळ्या आणतोय. मेमरी परत येईल का? अण्णांचं सांगायचं की लपवायचं? जूनला शाळेत जॉइन होऊ द्यायचं का? २८ तारखेला न्यूरोसर्जनकडे फॉलोअप आहे.

उत्तर:

ताई, तुमचं पत्र वाचलं आणि आधी तुम्हाला हे सांगायचंय की पाच महिने तुम्ही जे निभावलंय, अंगावरचं बाळ, सासूबाई, दवाखाना, ते खूप मोठं काम आहे आणि ते कुणी बोलून दाखवलं नसेल तर मी दाखवते.

आता सगळ्यात आधी एक गोष्ट, बाकीचं नंतर. घरात त्यांची परीक्षा घेणं आजपासून बंद करा. ‘मला ओळखलंस का’, ‘सांग बघू आज कुठला वार’, ‘सकाळी काय खाल्लंस आठव आठव’, हे सगळं बंद. पाहुणे प्रेमाने विचारतात, मला माहितीये, त्यांना वाटतं डोक्याला ताण दिला की आठवेल. पण मेंदूला मार लागलेल्या माणसाचं उलटं होतं. तुम्ही-मी चुकीचं उत्तर दिलं आणि कुणी दुरुस्त केलं तर आपल्याला ‘अरे आपण चुकलो होतो’ हे लक्षात राहतं, त्यामुळे पुढच्या वेळी सुधारतो. त्यांना तो चुकल्याचा प्रसंग लक्षातच राहत नाही, पण तोंडातून निघालेलं चुकीचं उत्तर मात्र मेंदूत कुठेतरी रुळतं आणि पुढच्या वेळी तेच पहिल्यांदा बाहेर येतं. म्हणजे मावशीला तीनदा अंदाजाने ‘काकू’ म्हणाले तर चौथ्यांदाही काकूच. अ‍ॅलन बॅडली आणि बार्बरा विल्सन या दोन ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी १९९४ मध्ये मेमरी गेलेल्या पेशंटवर हे नीट तपासून दाखवलं, अंदाज करायला लावून शिकवलं त्यापेक्षा चूक होऊच न देता शिकवलं तर त्यांच्या लक्षात जास्त राहिलं. तेव्हापासून जगभर मेमरीच्या रिहॅबमध्ये याच पद्धतीवर भर असतो.

तर दारात येणाऱ्या माणसाला तुम्ही आधीच गाठा आणि सांगा, आत गेल्यावर स्वतःच बोलायचं, ‘मी कोरेगावची मावशी, तुझ्या आईची धाकटी बहीण’, आणि मग बसायचं. सासूबाईंनाही हेच सांगा. थोडं विचित्र वाटेल पहिले चार दिवस, नंतर सवय होते सगळ्यांना.

आता मेमरी येईल का. खरं काय ते सांगते. जीसीएस म्हणजे माणूस किती शुद्धीवर आहे ते मोजायची पट्टी, ३ ते १५, १९७४ ला ग्लासगोच्या डॉक्टरांनी बनवलेली, ८ किंवा कमी म्हणजे गंभीर मार. तुमचे मिस्टर ७ होते. पण त्याहीपेक्षा महत्त्वाची गोष्ट तुम्ही सहज लिहून गेलात, ‘संक्रांतीपासूनचं थोडं थोडं आठवतं’. मार लागल्यापासून ते रोजचं सलग लक्षात राहायला लागेपर्यंतचा जो काळ असतो तो पुढची वाट किती लांब आहे याचा बऱ्यापैकी अंदाज देतो, आणि चार आठवड्यांच्या वर गेला की तो अतिगंभीर धरतात. तुमच्याकडे तो साधारण दोन महिने होता. याचा अर्थ सुधारणा होणार नाही असा अजिबात नाही. पहिले सहा महिने सगळ्यात वेगाने सुधारणा होते, मग वेग कमी होतो, पण दोन वर्षांपर्यंत आणि त्यानंतरही होत राहते. मात्र इतक्या मोठ्या माराच्या नंतर नवीन गोष्टी लक्षात ठेवायला काही ना काही अडचण कायम राहण्याची शक्यता बरीच आहे, आणि ‘एक दिवस सगळं पहिल्यासारखं होईल’ याची वाट बघत घर थांबवून ठेवू नका. वही, अलार्म, ठरलेली जागा, ठरलेली वेळ याच्या आधाराने माणूस चांगलं आयुष्य जगू शकतो, भले मेमरी शंभर टक्के परत न येवो.

डीएआय म्हणजे काय ते कुणी समजावलं नसेल तर थोडक्यात, डोकं जोरात आपटतं किंवा गरकन फिरतं तेव्हा आत मेंदूही हलतो आणि त्यातल्या एका भागातून दुसऱ्या भागात निरोप नेणारे बारीक तंतू ताणले जातात, तुटतात. सीटी स्कॅनला हे बऱ्याचदा दिसतही नाही, एमआरआयला जास्त दिसतं, म्हणून ‘स्कॅन तर नॉर्मल आला होता’ असं कुणी म्हणालं तरी तुम्ही जे रोज बघताय ते खरंच आहे. शिवाय कवटीच्या तळाला पुढच्या बाजूला हाडं खडबडीत असतात, त्यावर मेंदूचा कपाळामागचा आणि कानाजवळचा भाग घासतो, आणि नेमकं मेमरी, लक्ष, रागावरचा ताबा हे सगळं त्याच भागांकडे.

गेलेल्या दोन वर्षांचं म्हणाल तर तुम्ही लिहिलेली बदलीच्या शाळेची गोष्ट मला फार बरी वाटली. अशी गेलेली वर्षं परत येतात तेव्हा सहसा जुन्या टोकाकडून येतात, अपघाताच्या जवळचं सगळ्यात शेवटी. १८८१ मध्येच थेओद्यूल रिबो या फ्रेंच मानसशास्त्रज्ञाने हे लिहून ठेवलंय की जुन्या आठवणी टिकतात आणि नव्या आधी जातात. बदली त्या दोन वर्षांच्या सुरुवातीची असेल तर कडा हळूहळू आत सरकतेय. सलग नाही येणार, मधेच एखादं लग्न आठवेल, त्याच्या आजूबाजूचं काही नाही. पण अपघात आणि त्याच्या आधीची काही मिनिटं किंवा तास बहुतेक कधीच येणार नाहीत, कारण आठवण पक्की व्हायला वेळ लागतो, विरजण लावल्या लावल्या भांडं हिंदकळलं तर दही लागतच नाही तसं ते आहे. ते कुठे लपून बसलेलं नाही. म्हणून त्यांना अपघाताच्या जागेवर नेऊन ‘आठवतंय का’ करू नका, आणि सिनेमात दाखवतात तसं परत धक्का बसला की मेमरी येते हे तर डोक्यातून काढूनच टाका, दुसरा मार म्हणजे पहिल्यापेक्षा वाईट.

पाढे आणि हार्मोनियमचं. पाढे लहानपणी घोटलेले, ते खूप जुने आणि खूप वेळा वापरलेले. आणि हार्मोनियम ही हाताची मेमरी, ती मेंदूत वेगळ्या ठिकाणी असते. हेन्री मोलेसन म्हणून एक अमेरिकन पेशंट होता, १९५३ मध्ये फिट्ससाठी ऑपरेशन करताना त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा, म्हणजे नवीन आठवणी पक्क्या करणाऱ्या भागाचा, मोठा हिस्सा काढला गेला, त्यानंतर २००८ ला जाईपर्यंत त्याला नवीन काही लक्षात राहिलं नाही. पण मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला आरशात बघून चांदणी गिरवायला लावली तर तो रोज आणखी चांगली गिरवायला लागला, आणि रोज त्याला वाटायचं आपण हे आयुष्यात पहिल्यांदाच करतोय! तुमच्या मिस्टरांचं नुकसान त्याच्याइतकं नाही, त्यांना संक्रांतीपासूनचं थोडं राहतंय. पण मुद्दा तोच आहे, जे रोज एकाच पद्धतीने हाताने केलं जातं ते शिकता येतं, आठवलं नाही तरी. हार्मोनियम रोज वाजवू द्या, दिवसातला तेवढा वेळ तरी आपण हरलोय असं त्यांना वाटत नाही.

आणि हेच मला धाकटीबद्दल सांगायचंय. ‘ही कोणाची’ हे शब्द तुम्हाला किती लागले असतील ते कळतंय. पण तिच्या जन्माचे फोटो दाखवून दाखवून बापाची माया येणार नाही, फोटो बघून त्यांना फक्त एवढंच कळतं की आपण काहीतरी मोठं विसरलोय, आणि ते ओशाळे होतात. त्यापेक्षा रोज एकाच वेळी तिचं एक काम त्यांच्या हातात द्या. सकाळी अंघोळीनंतर तिला तेल-पावडर करून कपडे घालणं, किंवा संध्याकाळी वरणभात भरवणं, तुम्ही शेजारी बसून, एकटं सोडून नाही. १९११ मध्ये जिनिव्हाच्या एडुआर क्लापारेद या डॉक्टरने एका बाईबद्दल लिहिलं होतं, तिचा आजार वेगळा होता पण नवीन काही लक्षात राहायचं नाही, डॉक्टरला रोज नव्याने भेटायची. एकदा त्याने हातात टाचणी लपवून तिच्याशी हात मिळवला. नंतर परत हात पुढे केला तर तिने झटकन हात मागे घेतला, का ते तिला सांगता येईना. प्रयोग म्हणून मला तो मुळीच आवडत नाही, पण त्याने एक फार महत्त्वाची गोष्ट कळली, प्रसंग जातो पण त्या प्रसंगाने मनात जे उमटलं ते राहतं. टाचणी राहते तशी मायाही राहते. रोज तिने त्यांच्या बोटाला धरलं, त्यांच्या हातून खाल्लं, तर काल खाल्लेलं आठवलं नाही तरी ती समोर आली की त्यांना बरं वाटायला लागेल, आणि मग नाव, जन्म, सगळं त्याला येऊन चिकटेल. मोठं मूल घरात असेल तर त्यालाही सांगा की बाबा मुद्दाम विसरत नाहीत.

याचीच दुसरी बाजू म्हणजे ओरडणं. दहाव्यांदा तोच प्रश्न आला की तुमचा तोल जाणार, कुणाचाही जाईल. पण तुम्ही का ओरडलात हे त्यांच्या लक्षात राहणार नाही, तुमच्याजवळ आलं की छातीत धडधडतं एवढंच राहील. म्हणून त्या दहा प्रश्नांची उत्तरं भिंतीवर लावा. माजघरात एक पांढरा बोर्ड, त्यावर रोज सकाळी वार, तारीख, आज कोण कुठे आहे, जेवण किती वाजता, आज काय करायचं, एवढंच. प्रश्न आला की उत्तर न देता हसून ‘बोर्ड बघा की’ म्हणायचं आणि सोबत जाऊन बघायचं. आठवडे लागतील, पण एक दिवस ते विचारायच्या आधी बोर्डकडे वळतील. ती खरी सुधारणा, ती लिहून ठेवा.

बोर्डच्या जोडीला एक वही. एकच, जाड पुठ्ठ्याची, कायम एकाच जागी, दोरीने पेन बांधलेलं. शिक्षक आहेत, टाचण वही आयुष्यभर लिहिलीये, त्यांना हे कमीपणाचं वाटणार नाही. त्यात पुढे रोजचं, काय झालं ते तास दोन तासांनी त्यांच्याच हाताने लिहून घ्यायचं, मागच्या बाजूला माणसं, फोटो चिकटवून नाव-नातं, आणि मधे गेल्या दोन वर्षांत काय काय झालं ते थोडक्यात. मोबाइलवर अलार्म लावा पण नुसती घंटी नको, त्यावर मजकूर पाहिजे, ‘दुपारची गोळी, निळ्या डबीत’, नाहीतर घंटी वाजते आणि कशासाठी ते आठवत नाही.

‘वही कुठे आहे’ हे शिकवायला एक पद्धत आहे. तुम्ही सांगा, ‘वही टीव्हीखाली’. लगेच विचारा, वही कुठे? ते म्हणतील टीव्हीखाली. ३० सेकंदांनी परत विचारा. मग १ मिनिटाने, मग २, ४, ८ असं दुप्पट करत जा, मधल्या वेळात गप्पा मारा, भाजी निवडा. चुकले किंवा अडले तर आठवायला लावू नका, लगेच बरोबर उत्तर द्या, म्हणून घ्या, आणि आधी जमलेल्या वेळेवर परत या. तुम्ही म्हणाल ताई आत्ताच तर परीक्षा बंद म्हणाल्या. हा फरक नीट बघा, इथे उत्तर त्यांच्या तोंडावर असतानाच आपण विचारतोय, बरोबर येण्यासाठीच विचारतोय. एका वेळी एकच गोष्ट शिकवा, आणि कामाची. पंतप्रधानांचं नाव नाही, गोळ्यांची डबी कुठे, बाथरूममधून आल्यावर दिवा बंद, धाकटीचं नाव, असलं.

काल शाळेत गेलो म्हणतात ते खोटं नाही. आठवणीत भोक पडलं की मेंदू आपोआप ते जुन्या गोष्टींनी भरतो, आणि त्या माणसाला ते शंभर टक्के खरं वाटतं. वर्षानुवर्षं सकाळी शाळेत गेलेला माणूस, काल काय केलं म्हटल्यावर दुसरं काय आठवणार त्याला? सासूबाईंना हे सांगा, अगदी याच शब्दांत सांगा, कारण आपला मुलगा लबाड झाला हे दुःख त्या विनाकारण सहन करतायत. तोंडावर ‘खोटं बोलताय’ म्हणू नका, वाददेखील नको, ‘हो का, वहीत काय लिहिलंय बघूया’ इतकंच.

अण्णांचं. मी खूप विचार केला यावर. म्हातारपणीच्या विसराळूपणात, जिथे माणूस उतरणीलाच लागलेला असतो, तिथे कधीकधी न सांगितलेलं बरं असं लोक म्हणतात. पण तुमचे मिस्टर सुधारतायत. आज ‘अण्णा गावाला गेलेत’ म्हणालात तर सहा महिन्यांनी त्यांना कळेल की घरातले सगळे आपल्याशी खोटं बोलत होते, आणि ज्या माणसाला स्वतःच्या डोक्यावर भरवसा ठेवता येत नाही त्याचा घरच्यांवरचाही गेला तर मग धरायला काही उरत नाही. सांगाच, पण दर वेळी नव्याने बातमी दिल्यासारखं नको. एकदा शांत वेळ बघून, सकाळी, गर्दी नसताना, तुम्ही आणि सासूबाई दोघी बसून सांगा, कसे गेले, कधी गेले, अंत्यसंस्कार यांनीच केले असतील तर ‘तुम्ही सगळं नीट केलंत, तुम्ही होतात तिथे’ हे नक्की सांगा, कारण बापाच्या शेवटाला आपण नव्हतो ही टोचणी सगळ्यात वाईट. रडू द्या. मग त्यांच्याच अक्षरात वहीत लिहून घ्या, तारखेसकट, अण्णांचा फोटो लावून. पुढच्या वेळी विचारलं की वहीतलं ते पान उघडून जवळ बसायचं. स्वतःच्या अक्षरातलं वाचणं आणि दुसऱ्याने अंगावर टाकणं यात फार फरक असतो. हळूहळू रडणं कमी होईल, आधी बातमी लक्षात राहील असं नाही, पण मन थोडं तयार झालेलं असेल.

सासूबाईंबद्दल थोडं. दीड वर्षात नवरा गेला आणि मग मुलगा असा, त्या देवऋषाकडे धावणार नाहीत तर काय करतील. त्यांच्याशी भांडू नका. अंगारा लावला, देवाला गाऱ्हाणं घातलं तर बिघडत नाही, पण धुरी, मारझोड, उपाशी ठेवणं, गोळ्या बंद करणं, यातलं काहीही होऊ देऊ नका, तिथे तुम्ही ठाम उभ्या राहा. आणि त्यांना एक काम द्या जे फक्त त्याच करू शकतात. मिस्टरांची जुनी वर्षं शाबूत आहेत, म्हणजे आईबरोबरचं सगळं त्यांना आठवतं, विहिरीत पोहायला शिकले ते, पहिली शाळा, यात्रा. संध्याकाळी अर्धा तास मायलेकांनी तेवढंच बोलायचं. त्या वेळात तो माणूस पूर्ण असतो, कुठे भोक नसतं, आणि आईलाही आपला मुलगा सापडतो. तुमच्या वाट्याला नेमकी हरवलेली वर्षं आलीयत, बाळंतपण तुम्ही एकट्यानेच आठवायचं, हा अन्याय आहे आणि तो तुम्हाला जाणवत असेल. म्हणून म्हणते, आठवड्यातून दोनदा तरी दोन तास घर दिरावर सोपवून तुम्ही झोपा किंवा बाहेर जा. रात्री झोप येत नसेल, सारखं रडू येत असेल तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, फुकट, दिवसरात्र, मराठीत बोलता येतं.

दिराच्या बदामांनी काही वाईट होणार नाही, खाऊ द्या. मेमरीच्या गोळ्यांवर मात्र पैसे घालवू नका. आपल्याकडे सिटीकोलीन सर्रास देतात, तिची अमेरिकेत मेंदूला मार लागलेल्या १२०० हून जास्त पेशंटवर ९० दिवस देऊन तपासणी झाली, २०१२ मध्ये निकाल आला, औषध नसलेल्या नुसत्या दिखाऊ गोळीपेक्षा काही जास्त फायदा दिसला नाही. डॉक्टरांनी लिहिली असेल तर त्यांना विचारूनच बंद करा, पण दुकानातून आणखी आणू नका. ते पैसे ऑक्युपेशनल थेरपिस्टच्या, म्हणजे रोजची कामं परत करायला शिकवणाऱ्या तज्ज्ञाच्या, फीला वापरा.

चिडण्याचं एक कारण कपाळामागच्या भागाचा मार, आणि थकवा. मार लागलेला मेंदू लवकर दमतो, टीव्ही चालू, बाळ रडतंय, चार माणसं बोलतायत अशा ठिकाणी तर फारच. कामाच्या गोष्टी सकाळी, दुपारी झोप, संध्याकाळी पाहुणे कमी. पण दुसरंही कारण असू शकतं, फिट येऊ नये म्हणून गोळी चालू असेल तर तिचं नाव बघा, लेव्हेटिरासेटाम असेल तर त्याने काही जणांमध्ये चिडचिड खूप वाढते. स्वतःहून बंद करायची नाही, अचानक बंद केली तर फिट येऊ शकते, पण डॉक्टरांना सांगितलं तर बदलून देता येते. उदासपणाही बघा, या मारानंतर डिप्रेशन खूप जणांना येतं आणि त्याला औषध आहे.

जूनचं उत्तर, नाही. या जूनला तरी नको. तुम्हाला आणि कदाचित हेडमास्तरांनाही वाटेल पाढे येतात म्हणजे शिकवतील. शिकवतील थोडं, पण शिक्षकाचं काम हजेरी, पोषण आहाराचा हिशोब, ऑनलाइन माहिती भरणं, कुठलं मूल घरी गेलं आणि कुठलं अजून वर्गात आहे हे लक्षात ठेवणं, हे आहे, आणि त्यात एक चूक झाली तर नोकरीवर आणि त्यांच्या मनावर दोन्हीकडे घाव. आधी न्यूरोसायकॉलॉजीची टेस्ट करून घ्या, त्यात मेमरी, लक्ष, नियोजन किती शाबूत आहे ते आकड्यात कळतं, तोपर्यंत मेडिकल रजा. नोकरी जाईल म्हणून घाबरू नका, दिव्यांग हक्क कायदा २०१६ च्या कलम २० प्रमाणे नोकरीत असताना दिव्यांगत्व आलं तर सरकारी आस्थापनेला त्या माणसाला काढता येत नाही किंवा खालच्या पदावर आणता येत नाही, ते काम जमत नसेल तर त्याच पगारावर दुसऱ्या पदावर घ्यावं लागतं. त्यासाठी सिव्हिल हॉस्पिटलचं दिव्यांग प्रमाणपत्र लागेल, त्याची चौकशी आत्ताच सुरू करा. पुढे जॉइन होतील तेव्हाही आधी रोज दोन तास, सोबत दुसरा शिक्षक, असं.

टेस्टसाठी मुंबईला हाजी अलीची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे, केंद्र सरकारची, किंवा बेंगळुरूचं निम्हान्स, मेंदू आणि मनाच्या आजारांचं मोठं सरकारी हॉस्पिटल, तुमच्या हायवेनेच सरळ जाता येतं. आधी तुमच्या न्यूरोसर्जनकडून चिठ्ठी घ्या.

गाडीची किल्ली लपवून ठेवा, डॉक्टर लिहून देत नाहीत तोवर गाडी नाही, आणि दारू अजिबात नाही, थोडीसुद्धा. एटीएम आणि फोनवरच्या पैशांचा पिन तुमच्याकडे. कुणी कागदावर सही घ्यायला आलं तर तुम्ही वाचल्याशिवाय नाही, भावकी असली तरी नाही. आणि आत्तापर्यंत सुधारत होते आणि मधेच उलटं व्हायला लागलं, डोकं वाढत्या प्रमाणात दुखणं, उलट्या, सारखी गुंगी, एका बाजूचा हातपाय लुळा, फिट, यातलं काहीही दिसलं तर फॉलोअपची वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना, कवटीखाली हळूहळू रक्त साठू शकतं आणि ते वेळेत काढता येतं.

२८ तारखेला जाताना सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत घेऊन जा. डॉक्टरांना एवढं विचारा, चिडचिड गोळीमुळे आहे का, थायरॉइड आणि पिट्युटरीच्या बाकीच्या हार्मोन्सची रक्त तपासणी केली का (पिट्युटरी ही मेंदूच्या तळाची छोटी ग्रंथी, मारामुळे ती बिघडू शकते आणि मग थकवा-विसर दोन्ही वाढतात), झोपेसाठी काय करायचं, आणि न्यूरोसायकॉलॉजी आणि ऑक्युपेशनल थेरपीची चिठ्ठी. मिस्टरांसमोर त्यांच्या तक्रारी सांगू नका, आदल्या दिवशी कागदावर लिहा आणि तो कागद डॉक्टरांच्या हातात द्या.

पण त्याच्याही आधी एक काम. पिकअपवर पोलीस केस झालीच असेल. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ मध्ये २०२२ पासून अशी तरतूद आहे की नुकसानभरपाईचा दावा अपघातापासून ६ महिन्यांच्या आत दाखल करायचा, म्हणजे तुमच्याकडे मे महिन्यापर्यंतच वेळ आहे. एफआयआर, पंचनामा, डिस्चार्ज पेपर, सगळी बिलं, पगाराची स्लिप घेऊन याच आठवड्यात अपघात दाव्यांची कामं करणाऱ्या वकिलाकडे जा, आणि विमा कंपनीचा माणूस आत्ताच तडजोडीचा कागद घेऊन आला तर सही करू नका, आधी टेस्टचा रिपोर्ट येऊ द्या.